शिकारीशिवाय शिकारीचं ताट: स्विस शरद ऋतूचं जेवण बेळगावच्या स्वयंपाकघरात

स्वित्झर्लंडच्या जर्मन भाषिक भागात सप्टेंबर ते नोव्हेंबर हा शिकारीचा हंगाम. तेव्हा हॉटेलांत ‘विल्डटेलर’ म्हणजे शिकारीचं ताट मिळतं: हरणाचं किंवा रानडुकराचं मांस, सोबत स्पेट्झली (मैदा-अंड्याच्या पिठाचे उकडलेले छोटे तुकडे), शिजवलेला लाल कोबी, पाकातले चेस्टनट आणि नासपती. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद, तेव्हा खानापूरच्या जंगलाकडे बघूच नका. आणि खरं तर या ताटाची चव मांसाभोवतीच्या पदार्थांतच आहे. तिकडेही ते मांसाविना मागवता येतं. खालचं प्रमाण चौघांचं.

कोबी आदल्या दिवशीच करून ठेवा, मुरला की छान लागतो. अर्धा किलो जांभळा कोबी बारीक चिरा. लोण्यावर एक कांदा परता, त्यात कोबी, किसलेलं सफरचंद, ३ लवंगा, चमचाभर साखर, मीठ आणि वाटीभर पाणी घाला. झाकून मंद आचेवर ४० मिनिटं. बोरचं पाणी वापरलं तर कोबी निळसर पडतो, कारण ते बहुधा अल्कधर्मी असतं आणि कोबीचा रंग आंबटपणावरच टिकतो. म्हणून २ चमचे व्हिनेगर सुरुवातीलाच घाला. ४-५ आमसुलंही चालतात, पण मग मीठ बेतानं.

चेस्टनटऐवजी आपली रताळी. दसऱ्याच्या सुमारास बाजारात येतातच. सुपारीएवढे तुकडे पाऊणच शिजवा. पूर्ण शिजले तर पाकात त्यांचा लगदा होतो. कढईत ३ चमचे साखर सोनेरी होईतो वितळवा, एक चमचा लोणी आणि ४ चमचे पाणी घालून तुकडे घोळवा. पाणी घालताना चेहरा लांब ठेवा, पाक उडतो.

स्पेट्झलीला ३०० ग्रॅम मैदा, ३ अंडी, दीडशे मिली दूध-पाणी, चमचाभर मीठ. बुडबुडे येईतो लाकडी डावाने घोटा, अर्धा तास झाका. पीठ डावावरून धार न लागता जाडसर, हळू ओघळलं पाहिजे. सैल झालं तर पाण्यात विरघळतं. उकळत्या खारट पाण्यावर मोठ्या भोकांचा बुंदीचा झारा धरा आणि पीठ वाटीच्या बुडाने दाबा. झारा वाफेच्या फार जवळ नेला तर पीठ भोकांतच शिजून बसतं. मग थंड पाण्यात बुडवून पुसा आणि पुन्हा सुरू करा. वर तरंगलेली स्पेट्झली लगेच काढून लोण्यावर खरपूस परता. (अंडी खात नसाल तर सरळ मॅकरोनी घ्या.)

मांसाच्या जागी २५० ग्रॅम मशरूम. मोठ्या आचेवर, गर्दी न करता परता. मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. मग १०० मिली साय. मांसाहारी घरात रात्रभर व्हिनेगर-मिरी-तमालपत्रात मुरवलेलं मटण चालेल.

वरून चीज किसणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: अस्सल ग्रुएर या स्विस चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं. शाकाहारी पंगतीत हिरव्या ठिपक्याचंच चीज घ्या.