इसे जिंगूला जाताय? आधी गेकू, मग नाइकू

जपानात नागोयाला आमच्याकडे भारतातून कुणी आलं की मी त्यांना इसे जिंगूला, म्हणजे इसे शहरातल्या मोठ्या शिंतो देवस्थानाला नेतेच. गेकू आणि नाइकू ही त्यातली दोन मुख्य मंदिरं. किंतेत्सू या खासगी रेल्वे कंपनीची एक्सप्रेस गाडी साधारण दीड तासात इसेशी स्टेशनला सोडते. या गाडीला जेआर (जपान रेल्वेचा) पास चालत नाही, तिकीट वेगळं काढा.

बहुतेक जण थेट नाइकूला, म्हणजे सूर्यदेवी अमातेरासूच्या मंदिरात जातात. तसं करू नका. रीत आहे ती आधी गेकूची. तिथे अमातेरासूच्या नैवेद्याची काळजी वाहणारी तोयोउके देवी आहे. स्टेशनवरून पायीच जाता येतं. तिथून नाइकूला बस आहे. मंदिर पहाटे ५ला उघडतं, प्रवेशाला पैसे नाहीत. शक्य तितक्या लवकर पोहोचा. दहानंतर टूरच्या बसेस येतात आणि शांतता संपते.

चपला काढायच्या नाहीत, सगळी वाट खडीची आहे. गेकूत डाव्या बाजूने चालायचं, नाइकूत उजव्या. तोरीतून, म्हणजे प्रवेशाच्या लाकडी कमानीतून आत शिरताना थोडं वाकायचं. नाइकूत उजी पूल ओलांडून थोडं पुढे गेलं की उजवीकडे इसुझू नदीचा दगडी घाट लागतो. हात तिथेच धुवा. पाणी इतकं नितळ असतं की तळाचे गोटे मोजता येतात.

आता मुख्य गोष्ट. गाभारा दिसणार नाही. चार कुंपणांच्या आत देऊळ, समोर पांढरा पडदा. मूर्ती नाही, घंटा नाही. पायऱ्यांच्या वर फोटो काढायला मनाई आहे. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. इथे आभार मानायचे. काही मागायचंच असेल तर मागच्या अरामात्सुरी-नो-मिया या छोट्या देवळात मागा.

'एवढ्या लांब येऊन दर्शनच नाही?' असं आमच्या पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणतंच. मग मी त्यांना शेजारचा मोकळा भूखंड दाखवते. पांढऱ्या गोट्यांची जागा आणि मधोमध लाकडाची एक इवलीशी झोपडी, बस. दर २० वर्षांनी नवं देऊळ या शेजारच्या जागेवर हिनोकी लाकडात, जसंच्या तसं उभं राहतं. ही परंपरा सातव्या शतकापासूनची. मधे युद्धांच्या काळात खंड पडला, तरी ती टिकली. मागचं स्थलांतर २०१३ला झालं, पुढचं २०३३ला. जुनं लाकूडही वाया जात नाही: उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या तोरी जुन्या देवळांच्या खांबांतून घडवलेल्या आहेत. पूल ओलांडताना त्या खांबांकडे नीट बघा. सुतारांच्या पिढ्यांनी हात बदलत जपलेलं हे ज्ञान मला तरी दगडी शिखरापेक्षा चिवट वाटतं.

छपराकडेही मान वर करून बघा. नाइकूच्या कडेला वर आलेल्या फळ्यांची टोकं आडवी कापलेली आहेत, गेकूची उभी.

परतताना नाइकूजवळच्या ओकागे योकोचो या बाजारगल्लीत आकाफुकूची मोची (चिकट तांदळाचा गोळा) खा. लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड पुरण वरून असतं, शाकाहारी लोकांना बिनधास्त चालतं. इसे उदोन या जाड नूडल्सच्या रसात मात्र माशाचा अर्क असतो, तेव्हा शाकाहारी असाल तर तो मागवू नका.