पेरी मेसन बघताना खुनी आधी कसा पकडावा

‘पेरी मेसन’ ही जुनी अमेरिकन मालिका बघताना तिच्यातल्या वकिलाकडे, म्हणजे मेसनकडे, बघू नका. हा पहिला नियम, आणि पाळायला सगळ्यात अवघड. मेसनचं काम करणारा रेमंड बर हा ऐसपैस माणूस खुर्चीतून उठला की नजर आपोआप त्याच्याकडे जाते, आणि मालिकावाल्यांना नेमकं तेच हवं असतं. तुम्ही साक्षीदाराचं ऐका. त्याहून बरं, तो काय म्हणतो ते लिहून घ्या.

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात लघुलेखिका होते. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं कागदावर उतरवलं, त्यामुळे निवृत्तीनंतर ही जुनी अमेरिकन मालिका हाती लागली तेव्हाही मी वही घेऊनच बसले. आता रविवारी दुपारी गंगापूर रोडच्या आमच्या घरी भाचा, सून आणि शेजारच्या वहिनी अशी बैठक जमते. पैज मिसळीची. हरणाऱ्याने सगळ्यांसाठी आणायची, पावासकट, आणि रस्सा वेगळ्या डब्यात. भाचा कायदा शिकतोय, तरी बहुतेक वेळा तोच आणतो. तो मेसनकडे बघतो ना!

मालिका १९५७ ते १९६६ अशी नऊ हंगाम चालली. एकूण २७१ भाग, त्यातला १९६६ मधला एक रंगीत, बाकी सगळे कृष्णधवल. प्रत्येक भाग साधारण पन्नास मिनिटांचा. सुरुवात पहिल्या भागापासूनच करा, ‘द केस ऑफ द रेस्टलेस रेडहेड’. नावात लाल केस आणि पडद्यावर सगळं करडं! पण तुम्हाला त्याचा फायदाच आहे. कृष्णधवल चित्रात रंगाचा पुरावा डोळ्यांना मिळत नाही, तो कुणाला तरी तोंडाने सांगावा लागतो. आणि तोंडाने सांगितलेलं लिहून घेता येतं.

इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, लाज वाटून घेऊ नका. त्या लोकांचं बोलणं भरभर असतं आणि अर्धं नाकातून. मोबाइल स्वयंपाकघरात. वहीची दोन पानं समोरासमोर मोकळी ठेवा.

डाव्या पानावर माणसं. कोर्ट सुरू होण्याआधीच्या भागात मरणारा ओळखायला कष्ट पडत नाहीत, ज्याचं प्रत्येकाशी वाकडं तोच. त्याच्याशी भांडणारे चार-पाच जण येऊन जातात. प्रत्येकाचं नाव, भांडणाचं कारण आणि खुनाच्या वेळी तो कुठे होता म्हणाला, एवढंच टिपायचं. मेसनच्या अशिलावर शाई घालवू नका. अशील खोटं बोलेल, काहीतरी लपवेल, प्रेताशेजारी सापडेल, हातात पिस्तूलसुद्धा असेल, पण खून त्याने केलेला नसतो. पहिल्याच भागात एक बाई रात्री गाडीतून जात असते, डोक्यावर उशीचा अभ्रा घातलेला माणूस तिच्या मागे लागतो, ती गोळी झाडते आणि पुढे माणूस मेलेला सापडतो. आमच्या वहिनींनी लगेच तिचं नाव लिहिलं. ‘अहो, तिनेच झाडली की! आपण बघितलं!’ म्हणून तर तिने मारलेलं नाही, वहिनी. त्या भागात पिस्तूल कुणाकडून कुणाच्या हातात गेलं, याला मात्र वेगळं पान ठेवा. खुनी कोण ते मी सांगणार नाही.

पोलिसांतला लेफ्टनंट ट्रॅग येऊन अशिलाला घेऊन गेला आणि कोर्टाची खोली दिसली की चित्र थांबवा. भागात एकदाच थांबवायचं ते इथे. प्रत्येकाने आपला अंदाज चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. हा अंदाज बहुधा चुकतो, पण तो लिहायलाच हवा, कारण पुढे आपण कशाला भुलून मत बदललं ते त्याशिवाय कळत नाही.

आता कोर्ट. ‘आत्या, बारा ज्युरी कुठे आहेत?’ असं भाच्याने पहिल्यांदा विचारलं होतं. बहुतेक भागांत ते नसतातच, कारण तो खरा खटला नसून प्राथमिक चौकशी असते. आरोपीवर खटला चालवण्याइतका पुरावा आहे का, एवढंच न्यायाधीश ठरवणार असतात. आपल्याकडेही १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आधी, सत्र न्यायालयाकडे प्रकरण पाठवताना अशी चौकशी होत असे. तेव्हा ‘निर्दोष’ हा शब्द ऐकण्यासाठी थांबू नका. मेसनला तिथे निकाल नको असतो, त्याला दुसरा माणूस उभा करायचा असतो.

उजव्या पानावर जबान्या. ही माझी खरी युक्ती, आणि ती नाशिकच्या कोर्टातली आहे. आपल्याकडे साक्ष नोंदवताना प्रश्न सहसा लिहीत नाहीत. वकील विचारतो, साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्याचं वाक्य करून सांगतात आणि तेवढंच कागदावर येतं. ‘मी त्या वेळी ओट्यावर बसलो होतो. मला ओरडणे ऐकू आले.’ उलटतपासात वकिलाने टाकलेला आरोप नाकारला, तर ‘मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही.’ प्रश्न गळून पडतो, उत्तर उरतं. वहीत तसंच लिहा, मराठीत, ‘मी’ लावून. मेसनच्या प्रश्नाच्या दणक्यात उत्तर कानावरून निसटतं. प्रश्न काढून टाकला की ते उघडं पडतं.

समजा साक्षीदाराला विचारलं की तुम्ही आत गेलात तेव्हा काय दिसलं. तुमच्या वहीत उतरलं, ‘मी आत गेलो. दिवे बंद होते. साहेब टेबलावर पडले होते. भिंतीवरचे घड्याळ बंद पडलेले होते. मी तसाच परत फिरलो.’ ऐकताना काही वाटत नाही. वाचताना विचाराल, अंधारात भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं याला कळलं कसं?

अशा जादा वाक्याखाली रेघ मारा. नुसत्या पाल्हाळाखाली नको. दिंडोरीकडून आलेला म्हातारा शेतकरी विचारलं काय आणि सांगतो काय, पण त्याचं पाल्हाळ स्वतःपुरतं असतं. बैल, जावई, द्राक्षावरची फवारणी, चुकलेली एसटी. बनवून बोलणाऱ्याचं जादा वाक्य वेळेबद्दल असतं, नाहीतर दुसऱ्या कुणाबद्दल. ‘तेव्हा बरोब्बर पावणेदहा झाले होते.’ अरे, तुला विचारलं होतं का? खऱ्या कोर्टात हा आडाखा दर वेळी लागू पडतो असं नाही, खरा माणूसही भांबावून काहीबाही बोलतो. मालिकेत मात्र तो पक्का, कारण पन्नास मिनिटांत लेखकाला फुकटचं वाक्य परवडत नाही. मूळ कादंबऱ्या लिहिणारे अर्ल स्टॅन्ले गार्डनर स्वतः वकिली केलेले होते. प्रश्नाच्या आड उत्तर कसं दडतं, हे त्यांना नक्की ठाऊक असणार.

सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर हरकत घ्यायला उठला की लिहिणं थांबवून आधीचा प्रश्न मनात घोळवा. न्यायाधीश हरकत मान्य करोत की फेटाळोत, प्रश्न तुमच्या कानावर पडलाय, आणि ती कुठेतरी पुढची पायरी असते. बर्गरचं काम करणारा विल्यम टॉलमन मला फार आवडतो. दर आठवड्याला हरायचं आणि दर आठवड्याला तितक्याच खात्रीने उभं राहायचं, हे काम मेसनच्या कामाहून कठीण. गंमत म्हणजे रेमंड बर आधी याच भूमिकेसाठी चाचणीला गेला होता.

अधूनमधून कॅमेरा मागच्या बाकांवर जातो तेव्हा मान वर करा. आपल्याकडे साक्षीदार पुकारा होईपर्यंत बाहेर थांबतो, दुसऱ्याची साक्ष त्याला ऐकू देत नाहीत. तिथे सगळे संशयित आत बसून निवांत ऐकत असतात. ज्याची साक्ष झालेली नाही आणि तरी ज्याचा चेहरा दोनदा दाखवला, त्याच्या नावापुढे फुली. फक्त फुली, निकाल नाही. दिग्दर्शकांनाही हुलकावणी देता येते.

मग दार उघडतं आणि मेसनचा खासगी गुप्तहेर पॉल ड्रेक आत येऊन मेसनच्या कानाशी लागतो, किंवा चिठ्ठी देतो. त्या क्षणी वह्या बंद! त्यानंतर घेतलेलं नाव आमच्याकडे ग्राह्य नाही. शिवाय नावासोबत रेघ मारलेलं वाक्य दाखवावं लागतं. ‘मला तो पहिल्यापासूनच वाटत होता’ हे चालत नाही. सूनबाई नाव अचूक सांगते आणि वाक्य दाखवता येत नाही म्हणून मिसळ आणते, हेही झालंय.

कबुलीचा प्रसंग पोटभर बघा, त्यात शोधण्यासारखं काही उरलेलं नसतं. भाचा दर वेळी कुरकुरतो, ‘असं कोर्टात होत नाही, आत्या.’ नाहीच होत. आमच्याकडे मागच्या बाकावरून कुणी उठून ‘मीच मारलं’ म्हणाला असता, तर आधी पट्टेवाल्याने त्याला दंडाला धरून बसवलं असतं. कबुली देण्याची सक्ती नाही, दिली तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते, हे समजावून सांगितल्याशिवाय दंडाधिकारी ती नोंदवत नाहीत.

शेवटचा ऑफिसातला प्रसंग मात्र चहाला उठून घालवू नका. मेसनची सेक्रेटरी डेला स्ट्रीट विचारते, मेसन सांगतो, आणि तुमची रेघ बरोबर वाक्याखाली होती की नाही ते तिथे ठरतं.

हात बसला की ‘द केस ऑफ द टेरिफाइड टायपिस्ट’ आणि ‘द केस ऑफ द डेडली व्हर्डिक्ट’ हे दोन भाग लावा, त्याआधी नको. एकात ज्युरी मेसनच्या अशिलाला दोषी ठरवते, दुसऱ्याची सुरुवातच दोषी या निकालाने होते. अशिलावर शाई घालवू नका असं मी वर म्हटलंय खरं, पण या दोन्ही भागांना डाव्या पानावर अशिलाचं नावही लिहा.