उग्र वासाचे चीज उरले, तर या चुका टाळा

एप्वास, मुन्स्तेर, मारवाल किंवा लिम्बर्गर यांपैकी एखादे चीज घरात आले, की पहिल्या दिवशी त्याचे कौतुक होते आणि उरलेला चतकोर तुकडा दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना नकोसा होतो. सर्वांत महाग चूक इथेच होते, ती म्हणजे वास येतो म्हणून चीज बिघडले असे समजून ते फेकून देणे. या चीजचे चाक, म्हणजे अख्खी गोल लादी, पिकत असताना त्याची साल मिठाच्या पाण्याने पुन्हापुन्हा पुसतात. फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या एप्वासच्या बाबतीत त्या पाण्यात द्राक्षांच्या चोथ्यापासून गाळलेले ‘मार’ हे मद्यही असते. या ओल्या, खारट सालीवर ब्रेव्हिबॅक्टेरियम लिनेन्स हे जिवाणू वाढतात, सालीला नारिंगी रंग येतो आणि गंधकयुक्त संयुगांचा तो भपकारा सुटतो. या जिवाणूंचे भाऊबंद माणसाच्या तळपायावरही राहतात, त्यामुळे ‘मोज्यांसारखा वास’ ही तक्रार शास्त्राला धरूनच आहे. सालीच्या आतला गर मात्र बराच सौम्य आणि लोण्यासारखा असतो.

खरी शंका घ्यायची ती अमोनियाच्या वासाची. कागद उघडताच नाकात झोंबले, तर तुकडा अर्धा-पाऊण तास उघडा ठेवावा. साचलेला वायू निघून गेला आणि चव ठीक लागली, तर चीज खाण्याजोगे आहे. वास तसाच राहिला आणि जिभेला चुरचुरले, तर ते हद्दीबाहेर पिकले आहे.

दुसरी चूक आपल्याकडच्या सवयीतून येते. सुके बोंबील घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले की काम भागते, म्हणून चीजही प्लास्टिकमध्ये करकचून गुंडाळले जाते. बोंबलात पाणी उरलेले नसते. चीजची साल मात्र ओली आणि जिवंत असते. प्लास्टिकखाली ओलावा आणि अमोनिया कोंडतो, साल चिकट होते आणि दोन दिवसांत चव कडवट होते. त्याऐवजी तुकडा बटर पेपरमध्ये सैलसर गुंडाळावा, कापलेल्या बाजूला कागद नीट टेकवावा आणि मग तो काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ठेवावा. कागद चीजसाठी असतो आणि डबा घरातल्या माणसांसाठी. एक-दोन दिवसांआड डबा थोडा वेळ उघडावा आणि कागद ओला झाला असल्यास बदलावा. मऊ चीजचा उरलेला तुकडा आठवड्याच्या आत संपवलेला बरा. प्लास्टिकचा डबा यासाठी वापरू नये, कारण त्यात मुरलेला वास धुऊन जात नाही आणि पुढे त्याच डब्यात ठेवलेले श्रीखंड कोणी खात नाही.

फ्रिजमध्ये भाज्यांचा खालचा कप्पा योग्य, परंतु शेजार पाहून ठेवावे. लोणी, दूध आणि मळलेली कणीक परका वास चटकन ओढून घेतात. आमच्याकडे एकदा मुन्स्तेरचा नुसत्या कागदातला तुकडा झाकण न लावलेल्या कणकेजवळ रात्रभर राहिला आणि सकाळी तव्यावर पहिली पोळी फुगताच सगळे घर स्वयंपाकघरात गोळा झाले, अर्थात भुकेने नव्हे. खाण्याच्या सोड्याची वाटी फ्रिजमध्ये ठेवल्याने थोडा फरक पडतो, उघड्या तुकड्यावर तो इलाज नव्हे. रॉकफोरसारखे निळ्या बुरशीचे चीज या चीजपासून वेगळ्या डब्यात, फॉइलमध्ये ठेवावे, नाहीतर त्याची बुरशी शेजाऱ्यावर चढते.

मऊ चीजवर मूळची नसलेली काळी किंवा केसाळ बुरशी दिसली, तर ‘तेवढे कापून टाकू’ हा हिशेब करू नये. तुकडा टाकून द्यावा. घट्ट चीजमध्ये मात्र बुरशीच्या भोवतालचा आणि खालचा सुमारे अडीच सेंटिमीटर भाग काढला की बाकीचे वापरता येते. लिस्टेरिया हे रोगकारक जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतात, म्हणून गर्भवतींनी अशी मऊ चीज कच्ची खाऊ नयेत.

उरलेले चीज संपवताना ते पावभाजीत किंवा पिझ्झ्यावर दडवण्याचा मोह होतो आणि दोन्ही पदार्थ वाया जातात. ही चीज जिथे बनतात, तिथली रीत साधी आहे. फ्रान्सच्या आल्झास भागात सालीसकट उकडलेल्या गरम बटाट्यांबरोबर मुन्स्तेर, वर शहाजिऱ्याच्या कुळातले कॅरवेचे दाणे घालून खातात. उत्तर फ्रान्समध्ये मारवालचा खारा टार्ट करतात. ल्यों आणि बर्गंडीच्या भागात तर वेगवेगळ्या चीजचे उरलेसुरले तुकडे लसूण आणि व्हाइट वाइन घालून वाटतात आणि त्याला ‘फ्रोमाज फोर’, म्हणजे जहाल चीज, म्हणतात. दोनशे ग्रॅम तुकड्यांना लसणीची एक लहान पाकळी आणि पाव कप वाइन पुरते. वाइन नको असल्यास भाज्यांचे पाणी चालते. हे वाटण पावाच्या कापावर लावून भाजले, की हिंग गरम तेलात पडल्यावर जसा मवाळ होतो, तसा हा वासही बराच निवळतो.

शिजवताना तीन गोष्टी हमखास बिघडतात. साल तशीच घातली, तर पदार्थ कडवट आणि कचकचीत होतो, म्हणून ती आधी खरवडून काढावी. मीठ शेवटी, चव पाहूनच घालावे. सॉस फुटून तूप वर येते, ते मोठ्या आचेमुळे. एक चमचा लोणी, एक चमचा मैदा आणि एक कप दूध यांचा सॉस दाट झाला, की गॅस बंद करून मगच त्यात पन्नास-साठ ग्रॅम चीज ढवळावे. पाहुण्यांत शाकाहारी असतील, तर आधी वेष्टन वाचावे, कारण यांतली बरीच पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेट या दूध गोठवणाऱ्या द्रव्याने विरजलेली असतात.

चीज संपून दोन दिवस झाले तरी वास जात नसेल, तर फ्रिज घासण्याआधी ओट्याखालची कचऱ्याची बादली पाहावी. खरवडलेली साल आणि तेलकट बटर पेपर बहुधा तिथेच पडलेला सापडतो.