दाजीपूरला निघालात? कपड्या-सामानाच्या या चुका टाळा

मार्च लागला की माझा फोन वाजायला लागतो. "काका, शनिवारी दाजीपूरला चाललोय. जॅकेट ऑनलाइन मागवलंय, शुक्रवारी येतंय. बरोबर आहे ना?" जॅकेट शुक्रवारी, जंगल शनिवारी, आणि विचारायचं ते पैसे भरून झाल्यावर! गेली वीसेक वर्षं पोरांना घेऊन दाजीपूर-राधानगरीच्या रानात जातोय, आणि दर मोसमात याच चुका नव्या चेहऱ्यांकडून बघतोय.

बाजारात हल्ली ‘हंटिंग’ म्हणून कपडे मिळतात आणि त्या एका शब्दावर किंमत तिप्पट होते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार हा गुन्हा आहे, आणि तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटतं. पण शिकाऱ्याला जे लागायचं तेच आज दुर्बीण किंवा कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला लागतं. जनावराला आपण दिसायला नको, ऐकू यायला नको, आपला वास त्याच्याकडे जायला नको, आणि चार-पाच तास एका जागी बसवलं पाहिजे. दाजीपूर हे कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान. १९५८ साली ते गव्यांचं अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. माझे आजोबा तरुणपणी तिथं हाकाऱ्याला, म्हणजे जनावरं उठवून शिकाऱ्याकडं हाकायला, जायचे. गुडघ्यापर्यंत धोतर, मातकट बंडी, खांद्यावर काळं घोंगडं, एवढ्यावर माणूस झाडीत दिसेनासा व्हायचा. स्वस्तातलं चालेल का असं कुणी विचारलं की मला ती बंडी आठवते.

वाजणारे कपडे

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक, आणि ती बहुतेक वेळा महागड्या जॅकेटातूनच होते.

बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवर वनखात्याची मचाणावरून प्राण्यांची गणना असते. काही वर्षांपूर्वी माझ्यासोबत मचाणावर एक कॉलेजचा मुलगा होता. हुशार, पक्ष्यांची नावं तोंडपाठ, आणि अंगात झाडाच्या सालीचं चित्र असलेलं कोरं जॅकेट. वर चढल्यापासून त्याच्या प्रत्येक हालचालीला सळसळ. हात वर केला, सळसळ. मान वळवली, कॉलर घासली. मी दोनदा सांगितलं, "दादा, ते काढून पिशवीत ठेव." त्याला गारठ्याची भीती होती.

सूर्य मावळल्यावर पलीकडच्या काठाला झाडी हलली. आधी एक गवी बाहेर आली, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, मागं आणखी सहा-सात जनावरं, त्यांत एक वासरू. गवी पाण्यापासून दहा पावलांवर थांबली, नाक वर करून उभी राहिली. कळपाची पुढारीण अशीच थांबते. तिनं एकदा ठरवलं की सगळे पाण्यावर येतात. आम्ही श्वास धरून बसलो होतो. तेवढ्यात या मुलानं मोबाईल काढायला खिशाचं वेलक्रो उघडलं. चर्रर्र! त्या शांततेत तो आवाज कापड फाडल्यासारखा गेला. गवीनं एक फुसकारा सोडला आणि कळप वळला. झाडं मोडल्याचा आवाज दूर जात राहिला. रात्रभर त्या पाण्यावर एक भेकर आणि दोन साळिंदरं आली. सकाळी कागद भरताना गव्यांच्या रकान्यात काय लिहायचं यावर तो मुलगा बराच वेळ पेन धरून बसला होता. बघितले होते, पण पाण्यावर आले नव्हते. ती जनावरं त्या उन्हाळ्यात तहानलेली परत गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून माझी सवय पक्की आहे. रेडिमेड घेतच नाही. इचलकरंजी आपल्या उशाला आहे, कापडाला काय तोटा? मेंदी, मातकट किंवा सुकल्या गवताच्या रंगाचं टेरिकॉट घ्यायचं आणि नेहमीच्या शिंप्याकडून सैलसर शर्ट-पँट शिवून घ्यायची. खिशांना बटणं, वेलक्रो नाही, चेनही नाही. निव्वळ नायलॉन वाजतं, निव्वळ सुती भिजलं की वाळत नाही. टेरिकॉट दोन्हींच्या मधलं, म्हणून मला ते आवडतं. कापडाची खळ जाऊन ते मऊ पडेपर्यंत तीन-चार वेळा धुवायचं. मग एका रात्री पंखा बंद करून, तेच कपडे घालून घरात बसायचं, उठायचं, हात वर-खाली करायचे. शेजारच्या खोलीतल्या माणसाला ऐकू आलं तर गव्याला नक्की ऐकू येणार. हे सगळं एका भारी जॅकेटच्या पाव किमतीत होतं, पण त्याला महिना लागतो. ज्यांना शुक्रवारी मागवून शनिवारी जायचंय त्यांच्याजवळ तो महिना नसतो, आणि माझ्या मते खरी अडचण पैशाची नाहीच, ही आहे.

नीळ आणि चमक देणारी पावडर

आता हेच मेंदी कपडे घरी जाऊन झगझगीत पावडरनं धुतले तर काय होतं? कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या बहुतेक पावडरींत एक द्रव्य घातलेलं असतं. आपल्याला न दिसणारे अतिनील किरण ते शोषतं आणि निळसर उजेड बाहेर टाकतं. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, हरणा-गुरांच्या डोळ्यात दोनच. त्यांना लाल-केशरी मळकट दिसतं, पण निळा चांगला कळतो. म्हणूनच परदेशात हरणांच्या शिकारीला जाणारे अंगात भडक केशरी जाकीट घालतात. दुसऱ्या शिकाऱ्याला ते लांबून दिसतं, हरणाला तो रंग उठून दिसत नाही. उलट आपली पोरं केशरी टोपी काढायला लावली की खूश होतात आणि निळी जीन्स तशीच राहते.

कपडा तपासायला सोपी युक्ती आहे. दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, त्याखाली बाही धरा. निळसर पेटल्यासारखी दिसली तर तो शर्ट संध्याकाळच्या अंधुक उजेडात तुमचा पत्ता सांगणार. माझे जंगलाचे कपडे घरात वेगळे धुतले जातात, रिठ्याच्या पाण्यात, आणि सावलीत वाळतात. नीळ घातलेल्या बादलीत ते चुकूनही जात नाहीत.

पावसात जीन्स

ही दुसरी चूक, आणि हिच्यापायी जीव जाऊ शकतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, तेव्हा आपली पोरं पन्हाळा ते पावनखिंड चालतात. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून ज्या वाटेनं निघाले तीच ही वाट. पन्नासेक किलोमीटर, चिखल, भातखाचरं, ओढे. एका वर्षी आमच्यासोबत एकजण जीन्स, सुती टीशर्ट आणि अंगाला चिकटणारा प्लॅस्टिकचा रेनकोट घालून आला. म्हाळुंग्यापर्यंत गडी सगळ्यांच्या पुढं. मसाई पठारावर वारा लागला आणि मागं पडायला लागला. मांड्या घासून सोललेल्या, पँट ओल्या पोत्यासारखी जड. मग थरथर सुरू झाली. नाव विचारलं तर जीभ जड झाल्यासारखं बोलला, बटण लावायला बोटं वळेनात. तिथं मी घाबरलो. ओल्या कपड्यातून अंगातली ऊब झपाट्यानं जाते. पाणी हवेपेक्षा वीसपट-पंचवीसपट वेगानं उष्णता ओढून घेतं. त्यात वारा असला की भर उन्हाळी मुलखात वाढलेला माणूससुद्धा गारठून पडतो.

जवळच्या धनगरवाड्यावर नेलं. तिथल्या आजीनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "काढा आदी ती इजार. पाणी नेसून चाललंय पोरगं." ओलं सगळं काढून, अंग कोरडं पुसून त्याला घोंगड्यात गुंडाळला, चुलीपासून हातभर लांब बसवला, आणि गुळाचा कोरा चहा घोट-घोट पाजला. तासाभरानं थरथर थांबली, नीट बोलायला लागला. तो पुढं चालला नाही. मीच चालू दिलं नाही. गाडी बोलावून परत पाठवला.

त्या आजीच्या घरात जे होतं तेच बरोबर होतं. लोकर ओलसर झाली तरी ऊब धरते, आणि तिचा आवाज येत नाही. माझं घोंगडं पट्टणकोडोलीच्या यात्रेतलं आहे. पाठीवर जड होतं हे खरं, म्हणून पायपिटीला मी पातळ लोकरी स्वेटर नेतो आणि मचाणावर घोंगडं. खाली टेरिकॉट नाहीतर खेळाची पातळ पँट. वरून रोपलावणीला बायका डोक्यावरून घेतात तशी प्लॅस्टिक कागदाची खोळ. बाजूनं मोकळी, त्यामुळं आत घाम साचत नाही. रेनकोटाच्या आत घामानंच भिजलेले लोक मी पावसानं भिजलेल्यांपेक्षा जास्त बघितलेत. मुक्कामाचा एक कोरडा जोड जाड पिशवीत बांधून सॅकच्या मध्यात ठेवायचा, आणि कितीही मोह झाला तरी मुक्कामाला पोचेपर्यंत तो काढायचा नाही.

बूट

बुटावर पैसे वाचवू नका, पण उधळूही नका. अॅक्शनचे साधे ट्रेकिंग बूट घालून निम्मा महाराष्ट्र सह्याद्री चालला आहे. चूक होते ती दोन टोकांना. एक तर कोरे बूट थेट वाटेवर, आणि मग दोन तासांत टाचेला फोड. नवे बूट किमान पंधरा दिवस रोज घाला, रंकाळा तलावाला चार फेऱ्या मारा, एकदा तरी पन्हाळ्यापर्यंत चालून या. दुसरं टोक म्हणजे चार वर्षं माळ्यावर पडलेले बूट. दिसायला नवे, पण काही तळवे दमट हवेनं आतून कुजतात आणि वाटेत पावासारखे तुकडे पडतात. निघायच्या आठवडाभर आधी तळवा दोन्ही हातांनी वाकवून बघा, भेग दिसली तर नेऊ नका. नुसता डिंक सुटला असेल तर कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ कारागीर तळवा चारी बाजूंनी शिवून देतात, आणि ती शिलाई डिंकापेक्षा जास्त टिकते. कोल्हापुरी पायताणाचा मला अभिमान आहे, पण ते ओल्या कातळावर घालायचं नाही. गुळगुळीत चामडं घसरतं.

मोजे दोन जोड. एवढं पुरे.

लष्करी ठिपक्यांचे कपडे

नको. २०२२ साली लष्करानं नवा गणवेश आणला आणि त्याच्या नक्षीचे हक्क नोंदवून घेतले. तसले कपडे विकणं-घालणं अंगाशी येऊ शकतं, आणि वाडीवरच्या माणसांच्या मनात उगाच शंका येते ती वेगळीच. जनावराला नक्षीनं फसवता येतं त्यापेक्षा जास्त स्तब्ध बसून फसवता येतं.

दुर्बीण

‘तीस पट’, ‘पन्नास पट’ असं छापलेली दुर्बीण फुटपाथवर स्वस्त मिळते आणि पहिल्याच दिवशी निराशा करते. जितकी पट जास्त तितका हात थरथरलेला जास्त दिसतो आणि झाडीत अंधार वाटतो. ८×४० किंवा ८×४२ घ्या. पहिला आकडा पट सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ नं भागलं की साधारण सव्वापाच येतात. तेवढे मिलिमीटर रुंद उजेडाचा झोत डोळ्याकडं येतो, म्हणून दाट सावलीतला पक्षीसुद्धा रंगासकट दिसतो. सगळ्या सामानात ही एकच वस्तू अशी की तिच्यासाठी मी पोरांना थांबून पैसे साठवायला सांगतो. तोवर मित्राची मागून वापरा.

वास

अत्तर, सुगंधी तेल, डिओ, उदबत्तीचा वास मुरलेलं कपाट. हे सगळं आदल्या दिवशीपासून बंद. आजोबांच्या कमरेला फडक्याची एक छोटी पुरचुंडी असायची, आत चुलीची चाळलेली राख. बसायच्या जागी पोचले की ती हलकेच झटकायचे आणि राख कुठं जाते ते बघायचे. राख पाणवठ्याकडं गेली तर जागा बदलायची. मी आजही तेच करतो. वास घालवायच्या म्हणून ज्या फवाऱ्याच्या बाटल्या विकतात त्या मी कधी घेतल्या नाहीत. वारा तोंडावर घेतला की त्यांची गरजच पडत नाही.

जळवा

आंबा घाटात पावसाळ्यात जळवा असणारच. मांजरपाटाचे, म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडाचे, गुडघ्यापर्यंत लांब मोजे शिवून घ्या, नाडी घालून वर बांधा. घट्ट विणीतून जळू आत शिरत नाही. लागलीच तर ओढू नका, मीठ-तंबाखू टाकू नका, काडी लावू नका. नखानं तिचं तोंड कातडीवरून बाजूला सरकवा, पाण्यानं धुवा, दाबून धरा. रक्त बराच वेळ येतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. त्यानं घाबरायचं नाही.

थोडक्यातल्या काही

चुरचुरणारी वेफर्सची पाकिटं नेऊ नका. शेंगदाणे-गूळ कापडी पिशवीत न्या. घाटमाथ्याच्या वाऱ्यात छत्री टिकत नाही. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना जवळ बोलवू नका, विणीच्या काळात तर मुळीच नाही. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीनं आणि गाईडला घेऊनच जा. कपडे कितीही चांगले असले तरी गव्याच्या जवळ जायचं ते साधन नव्हे.

परत आल्यावरची चूक

सॅक तशीच कोपऱ्यात टाकून झोपायचं, आणि पुढच्या महिन्यात बुरशीचा वास आला म्हणून नवीन सामान घ्यायचं. निम्मं सामान असं मरतं. बुटांत जुन्या पेपरचे बोळे कोंबा, सकाळी बदला, सावलीत वाळवा; चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर डिंक सुटतो. खोळ आतून पुसून, सुकवून मग घडी घाला. घोंगडं धुवायचं नाही. दोन दिवस उन्हात टाकायचं, काठीनं झटकायचं, आणि घडीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवायचं.