दोन वर्षांचं ग्रीन कार्ड आणि घटस्फोट: काय, कधी, कोणत्या क्रमाने करावं

‘मी सही केली नाही तर तुला परत जावं लागेल.’ लग्न करून अमेरिकेत गेलेल्या अनेकांना ही धमकी ऐकावी लागते, आणि त्या भीतीपोटी माणसं नको त्या घरात राहतात. म्हणून आधी हे पक्कं समजून घ्या: तुमचं ग्रीन कार्ड रद्द करण्याचा अधिकार नागरिक जोडीदाराला नाही. निर्णय यूएससीआयएस हे सरकारी खातं घेतं, आणि त्यांनी नाकारलं तर इमिग्रेशन न्यायाधीशासमोर दाद मागता येते. त्यांना पाहायचं असतं ते एवढंच, की लग्न केलं तेव्हा ते संसार करायच्या इच्छेने केलं होतं का.

१. कार्ड नीट पाहा

स्थायी निवास मिळाला त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील, तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. त्यावर सीआर१ किंवा सीआर६ असा प्रवर्ग असतो. खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी १९८६ च्या कायद्याने ही अट आणली. कार्ड दहा वर्षांचं असेल तर पुढचा अर्ज तुम्हाला लागू नाही.

२. अर्ज कोणता ते ठरवा

ही दोन वर्षांची अट काढण्याचा फॉर्म आय-७५१. संसार चालू असेल तर तो दोघांच्या सहीने, कार्ड संपण्याआधीच्या ९० दिवसांत जातो. घटस्फोट झाला असेल तर हाच फॉर्म एकट्याच्या सहीने, ‘वेव्हर’ म्हणजे दोघांच्या सहीतून सूट मागून भरता येतो, आणि त्याला ९० दिवसांची खिडकी नाही. कोर्टाची डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा हुकूम, हातात आली की लगेच भरा.

३. घटस्फोटाचा दावा वेळेचा हिशेब करून लावा

घटस्फोट राज्याच्या कायद्याने होतो. कॅलिफोर्नियात समोरच्याला कागद बजावल्यापासून किमान सहा महिने जातात. न्यू जर्सीत दावा लावण्याआधी साधारणपणे दोघांपैकी एकाचं वर्षभराचं वास्तव्य लागतं. त्यामुळे कार्डाच्या शेवटच्या तारखेपासून उलटं मोजा.

मुदत आली आणि डिक्री आली नाही, तरी गप्प बसू नका. अर्ज मुदतीत पाठवा, सोबत दावा दाखल झाल्याची प्रत जोडा. खातं सहसा डिक्रीसाठी पत्र पाठवून वेळ देतं. आधी दोघांच्या सहीने अर्ज गेला असेल आणि नंतर बिनसलं, तर डिक्री पाठवून तोच अर्ज वेव्हर म्हणून पाहण्याची विनंती करता येते.

तडजोडीच्या मसुद्यावर सही करण्याआधी तो इमिग्रेशन वकिलाला दाखवा. घटस्फोटाच्या वकिलाला हा कायदा माहीत असेलच असं नाही. ‘कार्डासाठी फसवून लग्न केलं’ असं एक वाक्य त्यात राहून गेलं, तर पुढे फार महागात पडतं.

लग्न महाराष्ट्रात झालं असेल तर आणखी एक पाहा. अमेरिकेतली एकतर्फी डिक्री भारतातली कोर्टं आपोआप मानत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ आडवं येतं. दोघांनी हजर राहून संमती नोंदवणं केव्हाही बरं. आणि स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी अमेरिकेत चालवायला जाऊ नका, कोर्टाचा हुकूमच लागतो.

४. संसाराचे पुरावे घरात असतानाच गोळा करा

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं काम हेच. घर सोडल्यावर कपाट आणि पासवर्ड दोन्ही हातातून जातात. दोघांच्या नावाचा भाडेकरार, जॉइंट खात्याची स्टेटमेंट, एकत्र भरलेले टॅक्स रिटर्न, इन्शुरन्समध्ये जोडीदार म्हणून नाव, मुलाचा जन्मदाखला या सगळ्याच्या प्रती काढून माहेरी किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवा. जॉइंट खातं नुसतं उघडलेलं पुरत नाही. त्यातून किराणा, वीजबिल, भाडं गेलेलं दिसायला हवं. हॉलची पावती, लग्नपत्रिका, सासूबाईंसोबतचे दिवाळीचे फोटो हेही जोडा, पण फोटोंमागे तारीख आणि ठिकाण लिहा.

सोबत स्वतःचं निवेदन हवं: ओळख कशी झाली, घर कसं मांडलं, कधी आणि का बिनसलं. भांडणांची यादी नको. संसाराचं वर्णन जास्त हवं. तुम्हाला जोडपं म्हणून ओळखणाऱ्या दोघांची तरी शपथपत्रं घ्या.

५. मारहाण किंवा छळ असेल तर

घटस्फोटाची वाट पाहू नका. छळाच्या कारणावरून वेव्हर वेगळा आहे आणि त्याला डिक्री लागत नाही. तुमची माहिती जोडीदाराला देण्यास खात्याला मनाई आहे. पोलीस रिपोर्ट, डॉक्टरांचे कागद, धमकीचे मेसेज जपून ठेवा. न्यू जर्सीत मानवी, न्यू यॉर्कमध्ये सखी, बे एरियात मैत्री या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीच्या संस्था अशा वेळी मदत करतात.

६. अर्ज गेल्यावर

पोचपावतीचं पत्र आलं की ते जुन्या कार्डासोबतच ठेवा. त्यात लिहिलेल्या मुदतीपर्यंत नोकरी आणि प्रवास दोन्ही चालतं. पत्ता बदलला तर दहा दिवसांत पत्ताबदलाचा फॉर्म एआर-११ भरा, नाहीतर मुलाखतीचं पत्र जुन्या घरी जाईल, आणि ते तुम्हाला मिळेल याची खात्री नाही.

जोडीदाराने स्पॉन्सर म्हणून भरलेल्या आय-८६४ ची, म्हणजे तुमच्या खर्चाच्या हमीपत्राची, जबाबदारी घटस्फोटाने संपत नाही, हे वकिलाला विचारून घ्या. नागरिकत्वासाठी मात्र नागरिकाच्या जोडीदाराला मिळणारी तीन वर्षांची सवलत जाते आणि पाच वर्षं धरावी लागतात. ती मोजायची दोन वर्षांच्या कार्डावर ‘रेसिडेंट सिन्स’ पुढे छापलेल्या तारखेपासून.