छातीतली गाठ पिकतेय, अँटिबायोटिकने बसत नाहीये? आधी बायोप्सी करून घ्या

आपल्या जळगाव-धुळ्याकडे बाईच्या छातीत गाठ आली की घरातली मोठी माणसं म्हणणार दूध गोठलं असेल, शेक दे, हळदीचा लेप लाव, आणि इकडे लेकरू केव्हाचं भाकरी खायला लागलेलं असतं! अँटिबायोटिकच्या कोर्सने गाठ बसली तर ठीक, नाही बसली तर ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस म्हणजे दूधग्रंथींची एक चिवट सूज असू शकते. हा आजार कॅन्सर नाही, पण सोंग हुबेहूब त्याचंच घेतो.

बहुतेक वेळा एकाच बाजूला, कडक, दुखरी गाठ, वरची कातडी लाल, बोंड आत ओढलेलं, कधी काखेत अवधान, म्हणजे सुजलेली गाठ. मग पिकते, फुटते, एक तोंड बंद झालं की दुसरीकडून वाहायला लागतं. काहींना पायावर लाल दुखऱ्या गाठी येतात, सांधे धरतात. शेवटचं बाळंतपण होऊन काही वर्षं झालेल्या बायांना जास्त होतो. सोनोग्राफी-मॅमोग्राफीवर कॅन्सरपासून खात्रीने वेगळा ओळखता येत नाही, म्हणून कोअर बायोप्सीच लागते, म्हणजे जाड सुईने गाठीचे तुकडे काढून तपासतात, बारीक सुईच्या तपासणीवर बऱ्याचदा भागत नाही. जागा बधिर करून करतात, वेचणी संपल्यावर बघू असं करू नका.

आता खरं महत्त्वाचं. तुकडे दोन डब्यांत द्यायला सांगा, एक फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या औषधात, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूची तपासणी) यांसाठी. सगळंच फॉर्मॅलिनमध्ये टाकलं की जंतू मरतात, मग कल्चर होत नाही, परत सुई. टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

रिपोर्टमध्ये दूधग्रंथींच्या लोब्यूलभोवती (बारीक कप्प्यांभोवती) ग्रॅन्युलोमा म्हणजे सुजेच्या पेशींचे पुंजके, जायंट सेल, न्यूट्रोफिल या सुजेच्याच पेशी, असं लिहिलेलं असतं. केसिएशन म्हणजे चीजसारखा मेलेला भाग दिसला तर टीबीचा संशय वाढतो, पण नाही दिसला म्हणून टीबी सुटला असं नाही हं. कोरीनेबॅक्टेरियम नावाचा जंतूही काही केसेसमध्ये सापडतो, तो हळू वाढतो म्हणून कल्चर जास्त दिवस ठेवायला लॅबला सांगून ठेवा.

या आजारावर स्टेरॉइड देतात, पण टीबी नाही याची खात्री झाल्याशिवाय ते सुरू करायचं नाही, टीबी असला तर तो उलट पसरतो. शुगर असेल तर आधीच सांगा. पू साठला तर डॉक्टर काढतील, पण सारखे चिरे मारून घेऊ नका, जखम भरता भरत नाही. बरं व्हायला महिने लागतात, कधी वर्षाच्या वर, आणि परत उलटतोसुद्धा, म्हणून बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) लॅबमधून मागून घरी ठेवा, नाशिक-मुंबईला दाखवायला गेलात तर तिथे आधी तेच मागतात.