हळद तपासायला निघालो, मिक्सर ओळखून बसलो

अन्नातली भेसळ ओळखणारं मॉडेल प्रकल्पासाठी करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पायथन येतं, मॉडेल कसं शिकवतात ते माहीत आहे, असं धरलंय. येत नसेल तर आधी महिनाभर तेच करा, हळद कुठे पळून जात नाही.

माझा विषय हळद पावडरीतली भेसळ, म्हणजे स्टार्च आणि मेटॅनिल येलो हा कृत्रिम पिवळा रंग. पद्धत नेहमीचीच: निअर इन्फ्रारेड यंत्रावर वर्णपट (कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत येतो त्याचा आलेख) घ्यायचा, एसएनव्ही (प्रकाश विखुरण्यातला फरक कमी करणारं गणित) करून मॉडेलला द्यायचा. सांगलीहून हळकुंडं आणली, गावच्या डंकावर कुटून घेतली. ही शुद्ध. भेसळीचे नमुने प्रयोगशाळेत केले, नीट एकजीव व्हावेत म्हणून मिक्सरमधून फिरवले. इथंच मेलो. कळायला पाच महिने लागले.

एकाच नमुन्याचे स्कॅन ट्रेन (शिकवायचा डेटा) आणि टेस्ट (तपासायचा डेटा) यांत विभागू द्यायचे नाहीत, हे सगळेच सांगतात. ते मी पाळलं होतं. अचूकता ९८ टक्के! गाईड खूश, पोस्टर छापून झालं. मग यंत्र सांभाळणारे काका म्हणाले, "शुद्ध हळद मिक्सरला का नाही लावलीस रे?" तीच डंकावरची हळद अर्धा मिनिट फिरवली आणि यंत्राखाली ठेवली. मॉडेलने सांगितलं, भेसळ.

वाचताना हे फार सोपं वाटतं, म्हणून पुन्हा सांगतो. कण बारीक झाले की प्रकाश वेगळा विखुरतो आणि अख्ख्या वर्णपटाचा उतार बदलतो. एसएनव्ही त्यातलं बरंच काढतं, सगळं नाही. शिवाय मिक्सर तापतो, थोडा ओलावा उडतो, आणि पाणी तर १९४० नॅनोमीटरजवळ ठळक दिसतं. मॉडेलला स्टार्च शोधायची गरजच पडली नाही. क्रॉस-व्हॅलिडेशन (डेटाचे तुकडे करून आळीपाळीने तपासणं) कितीही फिरवा, प्रत्येक तुकड्यात भेसळ म्हणजे मिक्सर हेच समीकरण. म्हणून शुद्ध आणि भेसळ दोन्ही मिक्सरच्या एकाच भांड्यातून काढा, त्याच दिवशी स्कॅन करा, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. दुसऱ्या डंकावरची, दुसऱ्या हंगामाची हळद बाजूला ठेवा आणि शेवटपर्यंत तिला हात लावू नका.

सगळं पुन्हा केल्यावर ८१ टक्के आले. दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तुमचंही असंच घसरेल, घसरू द्या. व्हायव्हात सगळे प्रश्न त्या ८१ वरच आले आणि उत्तरं माझ्याकडे होती.

गाईड मोठ्या नावाचा मिळाला नाही म्हणून रडू नका. रोज यंत्राशी बसणारा माणूस शोधा. तयार डेटासेट उतरवून प्रकल्प उरकणाऱ्यांबद्दल मी न बोललेलं बरं.

हळदीला पिवळेपणा आणायला मिसळतात त्या लेड क्रोमेटच्या, म्हणजे शिशाच्या संयुगाच्या, मागे या यंत्राने लागू नका. त्याचा निअर इन्फ्रारेडमध्ये स्वतःचा ठसा नसतो, शिवाय ते विषारी. शिशासाठी एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) आहे. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के हळद नमुन्यांत शिसं सापडलं होतं, २०२१ मध्ये एकाही नाही. ते साधलं जनजागृतीने आणि बाजारात एक्सआरएफ नेऊन दंड ठोकल्याने, मॉडेलने नव्हे.

नोकरी हवी असेल तर माझ्या मते भेसळीपेक्षा प्रक्रियेकडे वळा. मी आता वाळवणीतला ओलावा मोजतो. त्यातही संदर्भाची मोजणी (जिच्याशी यंत्राचं उत्तर ताडून बघायचं ती) साध्या ओव्हनवर करू नका, हळदीतलं तेलही उडतं आणि ओलावा म्हणून मोजलं जातं. टोल्युइन डिस्टिलेशन (टोल्युइन या द्रावकात उकळून निघालेलं पाणी वेगळं मोजणं) एकदा तरी स्वतः करा. वेळ खातं, वास डोक्यात बसतो, वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्येच करा.